उडत्या पक्ष्यांचे भूलतज्ज्ञ

मिनेसोटातल्या आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं आणि फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण माझ्याकडे नवा कॅमेरा आहे ही बातमी कोणीतरी फोडली होती. सेल होता म्हणून घेतलेला कॅमेरा, तो चालवायचा कसा हे मला धड ठाऊक नव्हतं. एक उंच, काटकुळे, आत येऊनही कानटोपी न काढलेले काका समोर आले. मी म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्यांनी लाडू घेतला, कोटाच्या खिशात टाकला, माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शटर एकशे पंचवीस? यावर नाचणारी पोरंसुद्धा हलतील. पक्ष्यांचं तर नावच काढू नकोस."

"मला पक्ष्यांचे फोटो काढायचेच नाहीयेत, काका."

"आज नाहीयेत," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी सातला घरी ये. उपाशी ये, काकू पोहे करते."

मी गेले ती पोह्यांसाठी. कबूल करायला कसली लाज? ईडन प्रेरीत जानेवारीतल्या शनिवारी सकाळी सातला शहाणं माणूस पांघरुणाबाहेर पाय काढत नाही. त्यात मी नागपूरची, तर्रीशिवायच्या पोह्यांना मी मनातून पोहे समजत नाही. पण इथे येऊन सहा वर्षं झाली की माणूस पायरीने खाली येतं. मी दुसरा घास घेतेय तोवर काकांनी माझ्या कॅमेऱ्यातली बॅटरी काढून स्वतःच्या स्वेटरच्या आत, पार बनियनला लागून ठेवून दिली होती.

"थंडीत बॅटरी मान टाकते," ते म्हणाले. "पेशंट आधी गरम ठेवायचा."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्या ताटलीत आणखी एक डाव वाढला आणि म्हणाल्या, "खाऊन घे बाई. आता तुझी सुटका नाही."

काका भूलतज्ज्ञ होते. मूळचे मिरजेचे, तरुणपणी इकडे आले आणि इथल्याच एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं लोकांना झोपवत राहिले. बढाई मारणारा माणूस नाही, पण एक वाक्य ते कोणालाही ऐकवायचे, "चौतीस वर्षांत मी झोपवलेला प्रत्येक माणूस उठला." आणि त्याच्या मागोमाग तक्रार यायची. तीही मला पाठ आहे. सर्जनला फुलं येतात, केक येतात, नाताळला कार्डं येतात. भूल देणाऱ्याचं तोंडसुद्धा कोणाला आठवत नाही. "दहापासून उलटं मोजा म्हणतो मी. दहा, नऊ, आठ, सात, की माणूस गेला. पेशंटच्या आयुष्यात मी दहा ते सात, एवढाच."

"आणि माझ्या वाट्याला सहाच्या पुढचे सगळे," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

तर असा हा माणूस रिटायर झाला, आणि त्याच्या मनाने घेतलं की आपल्या हातचं एक काहीतरी हवं. ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, हे मी केलं. त्यासाठी त्यांनी काय निवडावं? उडत्या पक्ष्याचा फोटो. बसलेला नाही, पोहणारा नाही, उडता. पंख पसरलेले आणि डोळा शार्प. मी विचारलं, काका, उडताच का? तर म्हणाले, "निपचित पडलेलं खूप पाहिलंय मी."

आठ वर्षं ते या एका फोटोच्या मागे होते आणि आठ वर्षांत तो त्यांना एकदाही मिळाला नव्हता. थट्टा सोडा, एकदाही नाही. तीन कॅमेरे झाले, हाताएवढी लांब लेन्स आली, उन्हाळे गेले, हिवाळे गेले. मंडळातल्या निम्म्या लोकांना त्यांनी हा प्रकार शिकवला. शिकलेल्यांच्या घरी भिंतीवर गरुड आहेत, बगळे आहेत, एकाकडे तर तोंडात मासा धरलेला बगळा आहे. गुरूंच्या घरी काही नाही. सगळ्यांना हे माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कोणी बोलत नसे.

काही नाही म्हणजे, एक फ्रेम होती. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, चांगली दोन हात रुंद, अक्रोडी लाकडाची. पहिला कॅमेरा घेतला त्याच आठवड्यात काकांनी ती आणून टांगली होती. फोटो मिळेपर्यंत आत दुकानातून आलेला नमुन्याचा कागद तसाच होता. त्यावर एक गोरं कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर पांढरे शर्ट घालून हसतंय, सोबत सोनेरी कुत्रा. आठ वर्षं ते कुटुंब मराठी घरात हसत होतं. नवीन पाहुणे हमखास विचारायचे, "हे व्याही का?" काकू सुरुवातीला खरं सांगायच्या. मग कंटाळल्या आणि "हो, कॅलिफोर्नियाला असतात," म्हणायला लागल्या. कुत्र्याचं नावही ठेवलं होतं त्यांनी, मोती.

आता शिकवण्याबद्दल. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी सांगते, काकांइतकं सोपं करून शिकवणारा माणूस मला भेटला नाही. पहिला धडा छताच्या पंख्यावर. पंखा सुरू केला आणि म्हणाले, काढ फोटो. माझ्या फोटोत पंख्याच्या जागी धुरकट चकती आली. मग शटर दोन हजारवर नेलं. "एका सेकंदाचे दोन हजार तुकडे कर आणि त्यातला एकच उचल. एवढ्या वेळात पंख हलून हलून किती हलणार?" पुन्हा काढला तर पंख्याची पाती जागच्या जागी थांबलेली. पात्यावरची धूळसुद्धा दिसत होती. काकू तो फोटो बघून म्हणाल्या, "हे कोणाला दाखवू नकोस."

बाकीचंही असंच. लेन्सचं भोक होईल तेवढं उघडं ठेवायचं, म्हणजे उजेड भरपूर येतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, कॅमेऱ्यावरच सोडून द्यायचा, "सगळंच आपण करायचं नसतं." फोकस धावता ठेवायचा, पक्षी हलला की तोही मागे धावला पाहिजे. मागे पांढरं आभाळ असेल तर उजेड एक घर वाढवायचा, नाहीतर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा येतो. आणि बटण दाबून धरायचं, धडाधड वीस फोटो निघू द्यायचे, त्यातला एखादा तरी बरा निघतो. "आणि वारा पाठीवर घ्यायचा," ते म्हणायचे. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतात, म्हणजे आपल्या पाठीवर वारा असला की ते आपल्या बाजूला येतात. मिनेसोटात जानेवारीत पाठीवर वारा घेणं काय असतं ते ज्याने घेतलाय त्यालाच विचारा. मी दोन आठवडे ताठ मानेने ऑफिसला गेले. मॅनेजरला वाटलं मी रागावलेय.

दुसरा धडा घरासमोरच्या ड्राइव्हवेवर होता. पाय रोवून उभं राहायचं आणि येणारी-जाणारी गाडी कॅमेऱ्यात धरून कमरेतून वळत जायचं. हात नाही हलवायचा, कंबर वळवायची. काका रोज तासभर हा सराव करायचे. आता तुम्हीच सांगा, कानटोपी घातलेला एक म्हातारा रोज सकाळी हाताएवढी नळी डोळ्याला लावून शेजाऱ्यांच्या गाड्यांवर नेम धरतोय, तर शेजारी काय करणार? एका सकाळी पोलिसांची गाडी आली. व्हिसावर असलेल्या माणसाला पोलिसाची गाडी नुसती दिसली तरी आपले कागद कुठे आहेत ते आठवतं. गाडीतून एक तरुण पोलीस बाई उतरली आणि नम्रपणे विचारायला लागली की सर, इथे काय चाललंय.

काकांना भलताच आनंद झाला. "ऑफिसर, यू आर जस्ट इन टाइम," ते म्हणाले आणि तिला गाडीतून दोनदा समोरून जायची विनंती केली. "ट्वेंटी फाइव्ह माइल्स. नॉट मोअर." मी कपाळावर हात मारला. पण ती बाई खरंच गेली हो, दोनदा, आणि दुसऱ्यांदा जाताना दिवेही लावले. माझ्या कॅमेऱ्यात ती गाडी इतकी लख्ख आली की तिने माझ्याकडून फोटो मागून घेतला. काकांच्या कॅमेऱ्यात रिकामा रस्ता होता आणि एका कोपऱ्यात मागचा दिवा.

असं का व्हायचं ते मला त्याच दिवशी समजलं. काकांना सगळं यायचं, पण काका चेकलिस्ट म्हणायचे.

ऑपरेशनच्या आधी जसं सगळं मोठ्याने तपासतात, तसं. प्रत्येक पक्ष्याला नव्याने. मोड? बरोबर. शटर? दोन हजार. भोक? उघडं. प्रश्न त्यांचाच, उत्तर त्यांचंच, डोळा कॅमेऱ्याला लावलेला आणि बोट त्या त्या बटणावर फिरतंय. सात प्रश्न होते. आणि पक्षी म्हणजे काही भूल दिलेला पेशंट नाही. काका आयएसओपर्यंत पोचायचे तेव्हा बगळा पलीकडच्या काठावर पोचलेला असायचा. मी एकदा सुचवून पाहिलं, काका, घरूनच एकदा तपासून निघालं तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी ऑपरेशन थिएटरात चप्पल घालून शिरलेय. "काल तपासलेलं आज चालत नाही," ते म्हणाले. "मी एकदा, एकदाच, अर्धवट तपासून सुरुवात केली होती. तो पेशंट उठला, पण मी तीन दिवस झोपलो नाही. पक्षी गेला तर दुसरा येतो. सवय गेली की येत नाही."

तिसऱ्या आठवड्यात मला एक उडतं गूज मिळालं, बदकाच्या जातीचा मोठा पक्षी. इथे तळ्यावर कावळ्यांसारखी असतात ती, त्यात कौतुक काही नाही, पण पंख पसरलेले, मान लांब, डोळ्यात चमक. काकांनी पडद्यावर डोळा मोठा करून पाहिला, माझी पाठ थोपटली, "अगं, बघ तरी," म्हणत तो फोटो काकूंना दाखवायला धावत घरात गेले, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला लावला. मनापासून आनंद झाला होता त्यांना, खोटं नाही सांगत. पण नंतर पोहे खाताना ते बशीतले शेंगदाणे एका बाजूला काढत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासारखी उपटसुंभ, पोह्यांसाठी आलेली, तिला तीन आठवड्यांत मिळतं आणि या माणसाला आठ वर्षांत नाही.

काकूंबद्दल सांगायचं राहिलं. या सगळ्या मोहिमांना त्या असायच्याच, कारण बर्फाच्या रस्त्यावर काका गाडी चालवत नसत. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिवाची काळजी केल्यामुळे बर्फ पाहिला की त्यांना पुढचं सगळं दिसायचं, अँब्युलन्ससकट. काकू साठ मैलांच्या स्पीडने हायवेवरून गाडी आणायच्या, तळ्याकाठी उभी करायच्या, हीटर चालू ठेवून बसून राहायच्या. काच बोटभर खाली, म्हणजे आत कोंदट होऊ नये. फोनवर नाटकं ऐकायच्या, लोकर विणायच्या, बाहेर ढुंकून बघायच्या नाहीत. पक्ष्यांबद्दल त्यांचं मत एकदाच ऐकलं मी. "घाण करतात," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं घर विकलं गेलं. काकूंचे गुडघे, ड्राइव्हवेवरचा बर्फ, दोघंच एवढ्या मोठ्या घरात. टेक्सासात शुगर लँडला राहणारी मुलगी, आमच्याकडे या म्हणून दोन वर्षं मागे लागली होती, शेवटी येऊन तिनेच सगळं ठरवलं. चांगली पोरगी आहे, पण स्पष्ट. सामान कमी करताना फ्रेमसमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, जस्ट बाय अ प्रिंट. इट्स अ बर्ड."

काका कॅमेरा घेऊन ड्राइव्हवेवर गेले. तिसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. "शुगर लँडला पक्षी आहेत," ते म्हणाले. "खूप आहेत म्हणे. पण तिथे मी मुलीच्या घरी राहणार. तिथे मी म्हातारा बाप. फोटो इथेच, माझ्या घरातून निघून काढलेला हवा होता गं मला." एवढं बोलून फोन ठेवून दिला. मी भरल्या ऑफिसात हेडसेट लावून बसून राहिले, आणि समोरची मीटिंग माझ्यावाचून सुरू झाली.

सामान बांधणारे लोक आले त्या दिवशी मी मदतीला गेले होते. बांधणाऱ्या माणसाने ती फ्रेम फार हळुवारपणे उतरवली, तीन पदरी फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि खोक्यावर जाड पेनने लिहिलं, फॅमिली फोटो, नाजूक. काकू म्हणाल्या, "राहू दे. मोतीला टेक्सास मानवेल."

निघायला दोन दिवस उरले होते. शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही नदीवर गेलो. इथून तासाभरावर एक जागा आहे, तिथे नदी हिवाळ्यातही गोठत नाही आणि शेकडो हंस उतरतात. मोठाले, पांढरेशुभ्र, उडताना पंखांचा आवाज येतो असे. सकाळी नऊची वेळ, शून्याखाली वीस, आभाळ दुधासारखं पांढरं. काकू गाडीत. काका काठावर, वारा पाठीवर, बॅटरी बनियनमधून काढून नुकतीच घातलेली. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझा कॅमेरा मी मुद्दाम पिशवीबाहेर काढला नव्हता. त्या दिवशी माझा फोटो आला असता तर मला माझंच तोंड बघवलं नसतं.

हंस उडायच्या आधी माना खालीवर करतात. आधी एक, मग शेजारचा, आणि मग सगळं कुटुंबच हो हो म्हटल्यासारखं करायला लागतं, की समजायचं आता निघणार. काकांनीच शिकवलेलं. पहिल्या चौघांनी माना हलवल्या. काका सुरू झाले, "मोड? बरोबर. शटर? दोन हजार." चौघं गेले. दुसरी जोडी. "मोड? बरोबर." गेली. तिसऱ्या खेपेला सहा हंस एकदम, अगदी आमच्या अंगावरून, पंखांचा वारा लागेल इतके खालून, आणि काकांचं बोट आयएसओच्या बटणावर.

काकांनी कॅमेरा खाली घेतला. काठावर एक बाक होतं, बर्फ झटकून त्यावर बसले. हातमोजा काढून गुडघ्यावर ठेवला.

"मला येत नाही हे," ते म्हणाले. "आठ वर्षं सगळ्यांना शिकवलं, पण मला स्वतःला येत नाही. आता निघू या."

तुम्हाला येतं काका, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ते खोटं ठरलं असतं. तेवढ्यात मागे गाडीचं दार धाडकन वाजलं.

काकू आल्या. पायघोळ जाड कोट, गळ्यात स्वतः विणलेला मफलर दोन वेळा गुंडाळलेला, बर्फात एकेक पाऊल टाकत, गुडघ्यांना आणि काकांना मिळून शिव्या घालत. आठ वर्षांत त्या पहिल्यांदाच गाडीबाहेर उतरत होत्या.

"अहो, उठा."

"राहू दे गं."

"उठा म्हणते ना. तिकडे ऑपरेशनला यादी कोण वाचायचं? तुम्ही?"

"नर्स वाचायची," काका म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"मी फक्त हो म्हणायचो."

"मग तेवढंच म्हणा. कॅमेरा उचला. बाकी तोंड बंद."

काका उठले. मला वाटतं, त्यांना नाही म्हणायची ताकदच उरली नव्हती. पाण्यावर पाच हंस होते, आई, बाप आणि करड्या रंगाची तीन मोठी पिल्लं. बापाने मान खालीवर केली. काकू काकांच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि अगदी बारीक आवाजात, भाजीची यादी वाचावी तसं सुरू केलं.

"मोड?"

"हो."

"शटर दोन हजार?"

"हो."

"भोक उघडं?"

"हो."

"आयएसओ कॅमेऱ्यावर सोडलाय?"

"हो."

"फोकस धावता?"

"हो."

"आभाळ पांढरं आहे. उजेड एक घर वर?"

काका थबकले. तो वाढवलेला नव्हता. सकाळपासून त्यांची यादी तिथवर पोचलीच नव्हती. अंगठ्याने चाक एक घर फिरवलं. "हो."

"धडाधड?"

"हो."

यादी संपली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आठ वर्षं बोटभर उघड्या काचेतून आत जाणारं सगळं या बाईच्या डोक्यात शब्दन्शब्द बसलेलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मी हळूच विचारलं, "काकू, हे आधी का नाही केलंत?" त्या पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मला कोणी विचारलंय का आजवर?"

बापाने पाण्यावर पाय आपटायला सुरुवात केली. धप, धप, धप, आणि मागोमाग सगळे. काकांना आता म्हणायला काही उरलंच नव्हतं. पाय रोवलेले, कंबर वळत चाललेली, नळी हंसाच्या मागे नाही, हंसाबरोबर. हंस पाण्यावरून सुटला, पंख पूर्ण पसरले, आणि कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला. तो थांबेना. हंस आमच्या समोरून गेला, झाडांवरून वळला, दिसेनासा होत आला, तरी काका वळत होते आणि कॅमेरा वाजत होता. पार मागे वळून पाय अडखळला तेव्हा ते थांबले.

एरवी बटण सोडलं रे सोडलं की काका पडद्याकडे बघायचे. त्या दिवशी बघितलं नाही. डोळे घट्ट मिटून उभे राहिले आणि कॅमेरा चाचपडत काकूंच्या हातात दिला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन संपून शुद्धीवर येणारा माणूस हेच विचारतो, हे मी पुढे कधीतरी त्यांच्याकडूनच ऐकलं. त्याला वाटत असतं अजून सुरूच झालेलं नाही. आणि त्याला उत्तर द्यायचं काम भूल देणाऱ्याचं असतं. पण त्या सकाळी मला हे माहीत नव्हतं. मी फक्त एवढं पाहिलं की सत्तरी ओलांडलेला एक डॉक्टर लहान मुलासारखा डोळे मिटून उभा आहे.

काकूंनी दातांनी हातमोजा ओढून काढला. एकेक फोटो पुढे सारायला लागल्या. पहिला हलला होता. दुसऱ्यात नुसती शेपटी. तिसरा, चौथा, दहावा. मी खांद्यावरून बघत होते. एकविसाव्या फोटोवर काकू थांबल्या. बटण दाबून मोठा केला, आणखी मोठा केला, पडदाभर डोळाच येईपर्यंत. एका बाजूचं पंखाचं टोक कापलं गेलं होतं, ते मला दिसलं, माझा धंदाच तो, आणि मी जीभ चावून गप्प राहिले. डोळा स्वच्छ होता. त्यात काठ दिसत होता आणि काठावर तीन ठिपके उभे होते.

"झालं," काकू म्हणाल्या.

काका मटकन बाकावर बसले आणि रडायला लागले. तोंड झाकून वगैरे नाही, सरळ, मोठ्याने. पलीकडे उभे असलेले दोघं गोरे फोटोवाले आमच्याकडे वळून बघायला लागले. मीही रडत होते, पण माझं निदान चष्म्याआड होतं. काकू कॅमेरा छातीशी धरून त्यांच्या शेजारी बसल्या, गळ्यातल्या मफलरचा एक वेढा सोडवला आणि त्याच्या टोकाने नवऱ्याचे डोळे खसाखसा पुसायला लागल्या.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "पापण्या गोठतील."